अंशतः खरे आहे

नंदुरबार,
मे महिन्यातला एक रविवार

प्रिय जोसेफ,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागद घेतला. आमच्या गल्लीतला पितांबर ट्रक घेऊन सुरतेला जातो. तो तुझ्या मिलच्या गेटवर थांबून हे तुझ्या हातात देणार आहे. अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच, मग फाड. एवढं मागायचा हक्क मला उरलेला नाही हे मला माहीत आहे, तरी मागतो.

इथे ऊन फार आहे. बाकावर बसून, मांडीवर जुनं कॅलेंडर ठेवून लिहितोय. काल आपल्या कॉलेजच्या वसतिगृहावरून गेलो. पुढच्या पटांगणात आता मोटारसायकली उभ्या असतात. पूर्वी तिथे मिरच्या वाळत पडायच्या, वारा फिरला की अख्खं वसतिगृह शिंकायचं आणि तू डोक्यावर ओला टॉवेल घेऊन अभ्यास करायचास, ते आठवलं. तू नवापूरच्या डोंगरातून आलेला, घरी आदिवासींची कोकणी बोलणारा. मी तापीकाठचा, अहिराणीशिवाय तोंडात काही नसलेला. दोघांचंही मराठी पुस्तकातलं. तू माझ्याकडून अहिराणी उचललीस, अगदी शिव्यांसकट. मला तुझी कोकणी कधी आली नाही. तुझी आई भेटायला यायची तेव्हा ती माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायची आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी नेहमी दोघांच्या आणायची. मी तिला मंगळीमावशी म्हणायला कधी लागलो, आठवत नाही.

मग नोकऱ्या लागल्या. तू आमदार वीरसिंगदादांचा स्वीय सहायक झालास, मी डोंगरी पाणीपुरवठा मंडळात विधिमंडळ समन्वय अधिकारी. माझी आई बायकांना सांगायची, "मन्हा पोऱ्या आमदारेस्ना साहेब शे." मी साहेब कुणाचाच नव्हतो. इंजिनियर पाणी आणणार, कंत्राटदार पाइप टाकणार, आणि पाणी आलं नाही तर आमदारांना सांभाळणार मी. कोण रागावलाय, कोण रागावल्याचं दाखवतोय, कुणाच्या गावात आधी टँकर पाठवला की बाकीचे प्रश्न मवाळ होतात, हे मला पाठ झालं होतं. अधिवेशन जवळ आलं की आमदारांचे प्रश्न येत. प्रत्येकात तेच, अमुक अमुक हे खरे आहे काय? त्याला तीन उत्तरं असतात. खरे आहे. खरे नाही. आणि अंशतः खरे आहे. हे तिसरं उत्तर लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हता. गावात टाकी आहे, नळ आहेत, पाणी नाही. मग लिही, अंशतः खरे आहे. पुढच्या दोन वाक्यांत टाकी आणि नळ ठेवायचे, पाणी मागे ढकलायचं. मुख्य अभियंते म्हणायचे, भाग्येश, तुमच्या हाताला यश आहे.

आपली दोस्ती या कामात अडचण होईल असं आधी वाटलं होतं. झालं उलटंच. दादांचं म्हणणं तू मला सांगायचास, मंडळाची अडचण मी तुला. काही वेळा त्यातून चांगलंही झालं. तुमच्या भागातल्या किती हातपंपांची दुरुस्ती आपण दोघांनी नुसत्या फोनवर करवून घेतली! म्हणून तुला सवय लागली. माझं म्हणणं तू तपासून पाहणं सोडून दिलंस.

आता नागपूरचं सांगतो. तुला ते माहीत आहे असं तुला वाटतं, पण माझ्या बाजूने माहीत नाही.

भोकरपाड्याच्या योजनेवर दादांनी लक्षवेधी लावली होती. तुझ्याच गावची योजना. टाकी बांधून झालेली, दारोदार नळ, उद्घाटनाचा दगडही बसलेला, आणि नळाला थेंब नाही. ती चर्चेला येण्याच्या आदल्या दिवशी मुख्य अभियंत्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मंत्री चिडलेत. उद्या सभागृहात चौकशी जाहीर झाली तर आपण सगळे जाऊ. तो पीए तुमचा मित्र आहे ना? बोला त्याच्याशी. दादांनी आश्वासन घ्यावं आणि खाली बसावं." मी विचारलं, पंपाच्या विजेचं काय सांगू? ते म्हणाले, "ते तुम्हाला सांगता येतं. म्हणून तर तुम्हाला पाठवतोय."

जोसेफ, विजेच्या जोडणीसाठी अर्जच गेला नव्हता. पंपही विकत घेतलेला नव्हता. हे मला त्या खोलीतून बाहेर पडताना माहीत होतं, आणि विधानभवनाबाहेरच्या गाडीवर तुझ्यासमोर तर्रीपोहे खातानाही माहीत होतं. मी तुला म्हणालो, जोडणी मंजूर आहे, होळीपर्यंत पाणी. तू खाणं थांबवलंस. म्हणालास, "भाग्येश, हे माझं गाव आहे. माझी आई तिथे पाणी वाहते. बाकीच्यांना सांगतोस ते मला सांगू नको. खरं सांग." तू मला वाट मोकळी करून दिली होतीस. मी काय केलं, तर मराठी सोडून अहिराणीवर आलो, म्हणजे तुला ते घरचं वाटावं. "मन्हावर भरोसा ठेव, भाऊ. पाणी ई जाई." खोटं बोललो याहून मला हे जास्त लागतं. मी भाषासुद्धा ठरवून निवडली होती.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तू दादांना समजावलंस, मंत्र्यांनी होळीपर्यंतचं आश्वासन दिलं, दादा आभार मानून बसले. बाहेर येऊन तू आईला फोन लावलास, स्पीकरवर. ती मला म्हणाली, देव तुझं भलं करो, बेटा. त्या संध्याकाळी मुख्य अभियंत्यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं होतं. हेही लिहून टाकतो.

होळी गेली, ईस्टर गेला. दादा गावात आले तेव्हा बायकांनी त्यांच्या गाडीपुढे रिकामे हंडे मांडले, आणि दादांनी चारचौघांत तुझ्याकडे बोट केलं, "हे ह्याला विचारा. ह्यानेच मला खाली बसवलं." तुझं स्वतःचं गाव, तुझी आई गर्दीत उभी. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, कुणीतरी हसत हसत सांगितलं. मंडळात त्याला गंमत म्हणत होते. त्याच दुपारी तुझा फोन आला. मी कामात नव्हतो. फोन टेबलावर होता, तुझं नाव दिसत होतं आणि मी तो थांबेपर्यंत वाजू दिला. तू पुन्हा केला नाहीस. मग तुझी नोकरी गेल्याचं ऐकलं, आणि सुरतेचं.

मे लागल्यावर मी भोकरपाड्याला गेलो. पाहणीसाठी जातोय असं मंडळात सांगितलं. पाहायचं काही नव्हतं. मावशीने मला बघून खाट झटकली, उडदाची डाळ आणि भाकरी वाढली. दाराशी तुमचा नळ आहे, त्याला तिने शेळी बांधली होती. मी नळाकडे बघतोय हे बघून ती म्हणाली, "पक्का आहे. शेळी किती ओढते, हलत नाही." तिने टोमणा मारला असता तर मला घास गिळता आला असता. पण तिने ते कौतुकाने म्हटलं. मग हळूच विचारलं, "बेटा, त्या पंपाचं कुठे अडलं?" मी म्हणालो, वर बोलतोय. ती म्हणाली, "बोल. तू बोललास तर होईल. जोसेफ म्हणतो, पाणी आल्याशिवाय गावात तोंड दाखवणार नाही. हट्टी आहे." तिला वाटत होतं की आपण दोघे अजून एका बाजूला आहोत. मी हात धुतले, तेही तिने ओढ्यातल्या झऱ्यावरून वाहून आणलेल्या पाण्याने, आणि गाडीत बसून निघून आलो.

गेल्या आठवड्यात मुंबईत आश्वासन समितीपुढे साक्ष होती. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे आमदारांची ही समिती विचारते. मुख्य अभियंते मुख्य खुर्चीत, मी त्यांच्या मागे. उत्तर मीच लिहिलेलं होतं, काम प्रगतिपथावर आहे. समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला आणि साधं विचारलं, "विजेच्या जोडणीचा अर्ज कधी केला?" साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी चिठ्ठी पुढे सरकवतो, तिच्यावर काहीतरी असतं. त्या दिवशी मी उभा राहिलो. म्हणालो, "मॅडम, अर्ज केलाच नव्हता. पंपही घेतलेला नाही. होळीपर्यंत पाणी येईल हे मी आमदारांच्या सहायकांना सांगितलं होतं आणि ते खोटं आहे हे मला तेव्हा माहीत होतं. त्यांचा काही दोष नाही." बाईंनी विचारलं, सहायकांचं नाव? मी तुझं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं सांगितलं. ते इतिवृत्तात आलं आहे.

मला एकदम धीर कुठून आला असं तुला वाटेल. धीर नव्हता. साक्षीच्या दोनच दिवस आधी असं काही घडलं होतं की चिठ्ठी लिहायला हात वळेना. ते खाली सांगतो. परिणाम व्हायचे ते झाले. मला निलंबित केलंय, चौकशी लागेल. साहेब लिफ्टमध्ये एवढंच म्हणाले, "तुम्ही स्वतःला धुऊन घेतलंत, आम्हाला बुडवलंत." ते अगदीच चुकीचं नाही. दादांचा फोन आला होता. म्हणाले, जोसेफला परत ये म्हणून सांग. मी म्हणालो, ते तुम्ही सांगा, दादा, आणि ज्या जागी बोट दाखवलंत त्याच जागी उभं राहून सांगा. त्यांनी फोन ठेवला. करतील की नाही, मी भरवसा देत नाही. पंपाची खरेदी निघाली आहे असं ऐकतो. त्याचाही भरवसा देत नाही.

आता मी हे का लिहिलं ते. साक्षीच्या दोन दिवस आधी सकाळी तुझ्या बहिणीचा, आशाचा, मला फोन आला. मावशी झऱ्यावरून हंडा घेऊन चढत होती, उतारावर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. आशाला नंदुरबारमध्ये मीच एक आठवलो, कारण मी तुझा दोस्त. मी गाडी घेऊन गेलो. आणताना मावशी रस्ताभर कण्हत होती आणि मध्येच मला म्हणत होती, सावकाश, बेटा, तुझी गाडी खराब होईल. तेव्हापासून ती इथे सिव्हिलमध्ये आहे, आणि मी मुंबईचा तो एक फेरा सोडला तर तिच्या वॉर्डाबाहेरच्या या बाकावर. आशाकडून तिने येशूची शपथ घेतलीय की तुला कळवायचं नाही. नवी नोकरी आहे, सुट्टी मागितली तर काढून टाकतील. माझ्याकडून शपथ घ्यायचं तिला सुचलं नाही. काल मी तिला नागपूरचं सगळं सांगितलं. ती छताकडे बघत म्हणाली, "मला काय सांगतोस? जोसेफला सांग. माझ्या पायाचं मात्र काही लिहू नको." तिने सांगितलं ते वर लिहिलं. नको म्हणाली तेही लिहिलं. डॉक्टर चांगले आहेत, येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. ती तुझ्याबद्दल कुणाला विचारत नाही, पण दार वाजलं की मान वळवते. नोकरी जाईल ती जाऊ दे, पाणी येईल तेव्हा येईल, तू बुधवारच्या गाडीने ये. स्टेशनवर आशा असेल, मी नसेन. तू आत असशील तोवर मी वॉर्डात पाय ठेवणार नाही. खालच्या मेडिकलजवळ थांबेन, औषधाला पळायला माणूस लागतो. माझ्याशी बोलू नकोस. औषधाची चिठ्ठी आशाच्या हाती पाठव, मी आणून देईन.

तू मला आपला म्हण किंवा नको म्हणू,
तुझाच,
भाग्येश