कोर्टात सांगितलेलं वय

भडगाव,
ता. ६ एप्रिल १९९५

ती. सुकदेव मामांना वनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. मायचे गुडघे बरे आहेत, गाय व्याली, कालवड झाली. धुळ्याला मामी आणि पोरं मजेत असतील.

मुद्द्यावर यायला धीर होत नव्हता, म्हणून आधी गाय आणली. तुमचे वकीलसाहेब परवाच्या तारखेहून रागारागाने परतले असतील. त्यांचं ऐकलंत, आता माझंही ऐका.

रुपचंदने मला लाऊडस्पीकरचा जुना संच विकला, मी चार हजारांची प्रॉमिसरी नोट लिहून दिली, आणि पहिल्याच लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, त्यातून धूर निघाला. तोवर रुपचंद सुरतेला पसार! जाताना नोटेच्या पाठीवर सही करून ती बन्सीलालशेठना देऊन कापड घेऊन गेला. शेठना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पैशांसाठी माझ्यावर दावा लावला, तेव्हा तुम्हीच मला समजावलंत, की रुपचंदने फसवलं हे शेठपुढे चालणार नाही. पण नोट लिहिताना तू अठराच्या आत होतास, हे कुणापुढेही चालेल. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जून पंच्याहत्तर. म्हणजे नोटेच्या दिवशी सतरा. मामा, काय डोकं चालवलंत!

पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. हसू नका. चोपड्याच्या चुडामण मास्तरांची लता. स्पीकर पेटला त्या लग्नात ती वऱ्हाडात होती. सगळे लांब पळाले, ही बाई धावत आली आणि कळशीभर पाणी स्पीकरवर ओतलं. उरलासुरला स्पीकरही गेला. पण मामा, मला ती फार आवडली.

मास्तरांची अट एकच, मुलगा एकवीस पूर्ण हवा. स्वतः अर्ध्या तालुक्यातल्या पोरांना दाखल्यावर अंदाजाने एक जून ही जन्मतारीख लावणारा हा माणूस, पण कायदा म्हणजे कायदा! दाखल्याप्रमाणे मी एकोणीस. म्हटलं, मास्तर, मी बाहत्तरच्या दुष्काळातला. तर म्हणाले, लग्न ठरायच्या वेळी सगळेच दुष्काळातले असतात.

आणि तारखेला ते कोर्टात हजर! जावई करायचा तर त्याचा खटला डोळ्यांनी बघावा म्हणून मागच्या बाकावर बसले. वकीलसाहेबांनी मला विचारलं, "नोट लिहिली तेव्हा वय किती?" सतरा अगदी ओठांवर होतं. इथे मी सतराचा झालो की लता गेली, हे दिसत होतं. मी म्हणालो, "वीस."

"नीट आठवून सांग."

"वीसच, साहेब. दाखला अंदाजाने लावलाय."

तेवढ्यात मागून माय ओरडली, "हाऊ पोऱ्या दुष्काळना शे, साहेब! मी खडी फोडे तवय मना पोटमा व्हता!" अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनीसुद्धा तोंडाला रुमाल लावला.

निकाल शेठच्या बाजूने लागला. पैसे हप्त्याने द्यायचेत, शेठनी व्याज सोडलं. रुपचंदवर वेगळा दावा करता येतो म्हणे, तो तुम्ही बघा. फक्त माझ्या वयाला हात लावू नका!

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला कडुनिंबाखाली गाठलं. मला वाटलं, आता खटला हरलेला जावई नको म्हणतील. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चार हजारांवर पाणी सोडून कुणी खोटं वय सांगत नाही. तेव्हा वीस, म्हणजे आज बावीस. आखाजीचा सण झाला की मुहूर्त काढू."

मामा, परवापासून मी जमिनीवर नाही! तुमची युक्ती मी मातीत घातली, तुम्ही रागवा, चार शिव्या द्या. पण बोहल्यावर माझ्या पाठीशी तुम्हीच उभे राहायचं. दुसरा मामा मी कुठून आणू?

मामींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमचा, खटला हरून नवरदेव झालेला,
कोर्टाच्या साक्षीने सज्ञान भाचा,
वना