जुनं म्होरं, नवं मागं

१४ जुलै, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! एकेचाळिसाव्या वर्षी! राजारामपुरीतलं वीस खाटांचं हॉस्पिटल. वॉर्डाचं कपाट नि इमर्जन्सीचा ट्रे भरून ठेवायचा. महिनाभर बघणार, मग कायम करणार — नाहीतर घरी. कपाटावर इंग्रजीत चिकटवलंय, ‘रिप्लेनिश डेली’. मी मान डोलावली. कळलं काय, डोंबल!

१५ जुलै
दीक्षाला विचारलं. लेक म्हणाली, "मम्मी, वापरून जेवढं कमी झालंय तेवढं परत भरायचं. संपायची वाट बघायची न्हाय." एवढंच? हे तर लग्न झाल्यापासून करतेय! आमच्यात तांदळाचा डबा कधी रिकामा करत नाहीत. तळाला पसाभर ठेवायचे, वरून नवे ओतायचे — बरकत राहते. उगाच घाबरले.

२२ जुलै
कपाट गच्च. वॉर्ड सांभाळणाऱ्या स्नेहल सिस्टर कुणाचं कौतुक करत नाहीत. आज म्हणाल्या, "बरं भरलंयस की!" दिवसभर खुशीत.

४ ऑगस्ट
ट्रे आवरताना तळाला इंजेक्शनची एक बाटली निघाली. मुदत जुलैची. संपलेली! रोज वरून नवं रचत गेले, जुनं खाली तसंच. घरच्या तांदळासारखं! कचऱ्यात टाकली असती तर कुणाला कळणार होतं? महिना भरायला दहा दिवस राहिलेत. मला ही नोकरी हवीय, फार हवीय. पण हीच कुणाला टोचली असती तर?

नेली सिस्टरांकडे.

"घरचा डबा हाय व्हय ह्यो? जुनं म्होरं, नवं मागं! माणूस जाईल की गं एखादं!" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. मग बाटलीकडे बघत राहिल्या. गेली बहुतेक नोकरी. जेवण तसंच परत आणलं.

५ ऑगस्ट
अजून कामावरून काढलं नाही! कपाट पूर्ण रिकामं केलं — जीव कसनुसा झाला. पुसलं, तारखा बघून एकेक लावलं. दुपारी भूक लागली.

१४ ऑगस्ट
कायम झाले! पत्र सिस्टरांनी स्वतः आणून दिलं. दाराशी थांबून हळूच म्हणाल्या, "माझ्या पहिल्या महिन्यात मलाबी तसलीच बाटली गावलीती. मी गपचिप फेकली. आजवर कुणाला सांगितलं न्हाय."