कार्डाच्या मागे लिहिलेलं खोटं

बाई, मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते, आणि तेच खरं मानून तुम्ही गेलात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या उशिरा कबुली देण्यात फारसं शौर्य नाही, हे मला कळतं. तुम्हाला सगळे नावानेच हाक मारायचे आणि तुमचाही तसाच आग्रह असायचा, पण आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात. तोंडाने तुमचं नाव घेतानाही मनात मी बाईच म्हणायचे. म्हणून आज इथेही तेच.

लॉस एंजेलिसला मी कॉम्प्युटर शिकायला आले होते. तुमचा संध्याकाळचा पटकथेचा वर्ग घेतला तो केवळ वेळ रिकामा होता म्हणून. पहिलीच पटकथा तुम्ही चिमटीत धरून परत दिलीत आणि म्हणालात, "तुझ्या पात्रांना स्वतःच्या मनातलं इतकं नीट कसं ठाऊक असतं? मला सत्तराव्या वर्षीही माझं कळत नाही." मला राग आला. दोन दिवस मी तुमच्या बोलण्याची नक्कल करून रूममेटला हसवत होते. तिसऱ्या दिवशी पटकथा पुन्हा लिहायला बसले.

पुढे तुमच्या स्वयंपाकघरात यायला लागले, कारण तुमचं खरं ऑफिस तेच होतं. ओट्यासमोरच्या भिंतीवर कार्डं टोचलेली असायची, एका प्रसंगाला एक कार्ड. तुम्ही चहा करायचात, म्हणजे कोमट पाण्याला चहाची ओळख करून द्यायचात, आणि बोलत राहायचात. इंग्लंडच्या उत्तरेकडचं गिरण्यांचं गाव, वडिलांचं मटणाचं दुकान, सोळाव्या वर्षी टीव्ही कंपनीत टायपिस्टची नोकरी. दुसऱ्यांच्या पटकथा टाइप करताना तुम्ही भलत्याच जागी हसायचात. एका लेखकाने कारण विचारलं, तुम्ही सांगितलं, आणि महिन्याभरात त्यांनी तुम्हाला लिहायला बसवलं. मग रोजच्या मालिकेचे शेकडो भाग. मग निर्मातीही झालात, कारण लेखकाला सेटवर लांबच्या नातेवाइकासारखं वागवतात आणि कोठीच्या किल्ल्या निर्मात्याच्या कमरेला असतात, हे तुमच्या लक्षात आलं होतं. बावन्नाव्या वर्षी अमेरिकेत आलात. दोन मालिका आपटल्या, तिसरी चालली. हे सगळं तुम्ही बटाटे सोलता सोलता सांगितलंत, आणि आपटलेल्या मालिकांबद्दल जास्त रंगून सांगितलंत.

फक्त धाकट्या बहिणीबद्दल बोलताना तुमचा हात थांबायचा. तिकडे गाजलेली तुमची पहिली मालिका तिच्या मोडलेल्या लग्नावर होती. तिला न विचारता लिहिली होती. सगळ्या गावाने तिला ओळखलं. ती तुमच्याशी परत कधीच बोलली नाही, शेवटच्या आजारातसुद्धा नाही. तेव्हापासून तुमचा नियम होता: खऱ्या माणसाकडून काही घेतलं, तर कार्डाच्या मागे ते कोणाचं आहे ते लिहायचं, आणि त्याखाली 'विचारलं' असं लिहिल्याशिवाय कार्ड भिंतीवर लावायचं नाही.

त्या उन्हाळ्यात तुमची मालिका टेक्सासमधल्या एका भारतीय कुटुंबावर चालली होती, आणि त्या कुटुंबात काय चुकतंय हे सांगायला तुम्ही मला इंटर्न म्हणून घेतलंत. मी नको तेवढ्या चुका काढल्या. एके दिवशी तुम्ही वैतागून म्हणालात, "काय होत नाही ते पुरे. काय होतं ते सांग." आणि मी आईचं सांगून बसले.

मी सात वर्षांची आहे. नागपूरचं बसस्टँड. आईच्या हातात निळी बॅग, अमरावतीची दोन तिकिटं. अमरावतीला मावशी राहते. एक गाडी येते, जाते. दुसरी जाते. आई बाकावरून उठत नाही. मी म्हणते, आई, भूक लागली. पुढचं आठवतं ते थेट घर: आई कणीक मळतेय आणि बाबांना सांगतेय की शिंप्याकडे वेळ लागला. बॅग परत माळ्यावर. मला तिने एवढंच म्हटलं होतं, घरी सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. वीस वर्षांनी सातासमुद्रापार सांगितलं.

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "ती गेली का नाही?" मी म्हटलं, मला भूक लागली म्हणून. तुम्ही मान हलवलीत. "ते तुझं कारण आहे. तिचं काय होतं, तिला विचार. आणि हे घेऊ का, तेही विचार."

बाई, मी फोन केला होता. खरंच केला होता. पलीकडे बाबांचा खोकला ऐकू येत होता, आईने जेवलीस का विचारलं, मी हो म्हटलं आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी कार्डाच्या मागे लिहिलं: 'आई. विचारलं.' तुम्ही विचारलंत, काय म्हणाली? मी म्हटलं, "मुलीला भूक लागली म्हणून परतले, असं म्हणाली." मला ते खोटं वाटतच नव्हतं. लहानपणापासून मी हेच धरून बसले होते, की आई निघाली होती आणि मी तिला अडवलं. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तसं लिहिलंत, आणि श्रेयनामावलीत स्वतःच्या नावाशेजारी माझंही नाव घातलंत. तो भाग फार नावाजला गेला. मी मात्र नोकरीला लागले, सॉफ्टवेअरमध्ये रमले. पुढे काहीच लिहिलं नाही. तुम्ही दर नाताळच्या पत्रात त्याबद्दल मला टोचायचात.

आता मी अमेरिकेतच, फ्रीमाँटला असते. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. मालिकेत माझं नाव आलंय एवढंच तिला माहीत होतं. नागपुरात ती इंग्रजी मालिका कोण बघायला जातंय, या भरवशावर मी निर्धास्त होते. गेल्या रविवारी ग्रोसरी घेऊन घरात शिरले तर टीव्ही चालू. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने तो भाग शोधून आजीला लावून दिला होता. पडद्यावर टेक्सासचं बसस्टेशन, बाकावर आई आणि मुलगी. मी पिशव्या घेऊन दारातच उभी.

"हे तू सांगितलं का?" आईने मागे न बघता विचारलं.

"हो."

"ही रडते कशाला? मी रडले नव्हते."

"वेट, आजी, धिस वॉज यू?" लेकीने टीव्ही थांबवला.

"हो. पण मी हिच्याहून उंच होते." मग माझ्याकडे वळून, "आणि बसमध्ये चढलो होतो नं आपण. तिसऱ्या गाडीत. कोंढाळीपर्यंत गेलो, मधेच तिथे उतरलो. तू माझ्या मांडीवर झोपली होती."

मी म्हटलं, "मला वाटलं, मला भूक लागली म्हणून तू गेलीच नाहीस."

"तुला? तुला तर चोवीस तास भूकच लागत होती." आई हसली. मला रडू आलं, आणि लेक इतकी घाबरली की तिने मला पाणी आणून दिलं.

दुपारी मटार सोलायला बसलो तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, तेव्हा म्हटलं असतं. मग मी विचारलं, कोंढाळीला का उतरलीस? तिने सांगितलं. मटार संपेपर्यंत सांगत होती. शेवटी मी म्हटलं, "हे माझ्या बाईंना लिहू?"

"त्या आहेत का अजून?"

"नाहीत."

तिने सालं गोळा केली. "तुझ्यामुळे नाही परत आले, एवढं लिही हवं तर. बाकीचं माझं आहे."

म्हणून एवढंच लिहिते. ती माझ्यामुळे परत आली नव्हती. बाई, हे वाक्य लिहिताना मला किती हलकं वाटतंय ते कुठल्या तोंडाने सांगू? हे पत्र जायचं कुठेच नाही, तरी एक सांगायलाच हवं. या ओळीच्या वर एक मोठा परिच्छेद होता. कोंढाळीचं सगळं त्यात होतं, आणि तुम्हाला तो आवडला असता. आज सकाळी मी तो खोडला. पण खोडण्याआधी दोनदा वाचला, आणि त्यातला आईचा एक संवाद सुधारला.