साहेबांनी कार्ड उलटलं

तीर्थरूप आत्या,

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या टेबलावरून तुला वाकून नमस्कार. (खरोखर वाकले, आणि कपाळ स्टेपलरवर आपटलं.) तुझा खोकला गेला का? डॉक्टरांचं औषध घेतेस, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसती बघतेस? झोप लागते ना? मला हल्ली नको तितकी लागते, तीही बसल्याबसल्या. त्यामुळे या पत्रात काही गोष्टी घडल्या तशा आणि काही मला दिसल्या तशा आल्या असतील. जमेल तिथे वेगळ्या करून सांगीन.

आमच्या कंपनीच्या गाडीचं प्रकरण तू पेपरात वाचलंच असशील. तरी मी सांगते, कारण पेपरवाल्यांनी कडीला कुलूप म्हटलंय आणि ते मला सहन होत नाही. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची आतली कडी सैल पडते आणि वळणावर दार आपोआप उघडतं. धाडकन नाही. हळूच, एखाद्याने आत डोकावावं तसं. अकरा माणसं रस्त्यावर पडली. दोघांचे हात मोडले. एक शिक्षिका डोक्यावर पडली, ती अजून अंथरुणावर आहे. कंपनीने चार हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि उरलेल्या छप्पन्न हजार ठणठणीत आहेत असं जाहीर केलं. (कडी सगळ्यांना एकच आहे.) परत आलेल्यांपैकी काही माझ्या खिडकीखालच्या पटांगणात उभ्या आहेत, सगळ्या एकाच फिकट निळ्या रंगाच्या. दुपारी वारा सुटला की एकेकीचं दार उघडत जातं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, जणू न दिसणारी माणसं एकामागून एक उतरून कुठेतरी निघाली आहेत, घाई नाही, बोलणं नाही. मग पहारेकरी शीळ घालत दारं लावत येतो. तो शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत पहिल्या रांगेतली मंडळी पुन्हा उतरू लागलेली असतात. मी फायली बाजूला ठेवून हे बघत बसते, आणि माझी खात्री पटत चालली आहे की तो माणूसही ते बघायलाच दारं लावतो.

तर लोकप्रतिनिधींच्या समितीने आमच्या मोठ्या साहेबांना जबाब द्यायला बोलावलं. तिथे शपथ घेऊन बोलावं लागतं. साहेब तसे सज्जन आहेत, पण चष्म्याशिवाय त्यांना छापील अक्षर दिसत नाही आणि चारचौघांत चष्मा लावायचा नाही असा त्यांचा बाणा आहे. त्यामुळे उत्तरं हाताने, ठळक लिहायची ठरली. अक्षर कुणाचं चांगलं याची चौकशी झाली आणि ग्राहकांची पत्रं वर्गवारीने लावणाऱ्या माझ्यासारखीला वरच्या मजल्यावर नेलं. कंपनीचे वकील सांगत, मी लिही. एका प्रश्नाला एक कार्ड, अशी दोनशे बारा कार्डं. वकिलांची भाषा इतकी मऊ की लिहितालिहिता डोळे मिटायचे. ‘याबाबत अद्याप निष्कर्षाप्रत येणे उचित ठरणार नाही.’ उशीच ती.

आता दोष कुणाचा ते सांगते. दोष तुझा आहे. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तूच, आणि त्या शाळेचा पहिला नियम तुला आठवत असेल. खोटं सांगायचंच असलं तर आधी कागदाच्या मागे खरं काय ते लिहायचं, म्हणजे निदान आपलं आपल्याला हरवत नाही. शिवणयंत्राची सुई मोडली तेव्हा मी पुढच्या बाजूला मांजराचं नाव लिहिलं होतं आणि मागच्या बाजूला माझं. तू पुढची बाजू वाचलीस, ‘बरं’ म्हणालीस आणि कागद मला परत दिलास. मागची बाजू तू कधीच वाचली नाहीस. म्हणून ती मला आयुष्यभर वाचावी लागली.

त्या सवयीने मी प्रत्येक कार्डामागे पेन्सिलीने खरं उत्तर लिहिलं. फक्त माझ्यासाठी. हात बसला होता म्हणून अक्षर तिथेही मोठंच पडलं.

समितीचं दालन तू बघायला हवंस. गालिचा इतका जाड की आपण आलो हे आपल्यालाच ऐकू येत नाही. उंचावर अर्धगोलात लोकप्रतिनिधी, खाली एकटं टेबल, त्याच्याशी साहेब, उजवीकडे वकील, मागे मांडीवर कार्डांचा खोका घेऊन मी. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा येत होता आणि टेबलावरच्या काचेच्या भांड्यातल्या पाण्यात उतरून आडवा पडला होता. प्रश्न आला की मी कार्ड पुढे सरकवायचं आणि साहेबांनी वाचायचं. तासाभरात सगळ्यांना एक लय लागली. लोकप्रतिनिधींचे चेहरे पाण्याखालच्या दगडांसारखे संथ दिसू लागले. मला तर वाटलं, साहेब बोलतच नाहीत, त्यांच्या तोंडाचं दार उघडतंय आणि त्यातून निळी माणसं उतरतायत. (ही दिसलेली गोष्ट. घडलेली नव्हे.)

मग अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. दोन तास त्या काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, कंपनीला हे पहिल्यांदा कधी कळलं?

साहेबांनी कार्ड वाचलं. याच वर्षी, मार्च महिन्यात. आणि आत्या, त्यांनी कार्ड उलटलं. त्याच आवाजात, त्याच संथपणे ते पुढे वाचू लागले. ‘खरं तर त्याच्या चौदा महिने आधी. एका ग्राहकाचं पत्र आलं होतं. ते कौतुकाच्या फायलीत आहे. कडी सगळ्या साठ हजार गाड्यांना तीच आहे. मला याची लाज वाटते.’

शेवटचं वाक्य माझं स्वतःपुरतं होतं.

वकिलांचा हात साहेबांच्या बाहीपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “पंधरा वर्षं मी या खुर्चीवर बसते आहे. लाज वाटते असं इथे कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.”

साहेब माझ्याकडे वळले, पुढचं कार्ड हवं म्हणून. मी रिकामा हात पुढे केला. ते त्या हाताकडे बघत राहिले, मग वर बघून स्वतःच्या मनाने बोलले. जन्मात पहिल्यांदा असावं, कारण फार अडखळले. साठच्या साठ हजार गाड्या परत बोलावतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरांनी त्यांचा फोटो छापला, उदार मनाचा माणूस म्हणून.

जिन्यात त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, संपली नोकरी. ते म्हणाले, “ते लाजेचं कुणी सुचवलं?” मी म्हटलं, कुणी नाही, ते आधीपासून होतं. त्यांनी मान डोलावली आणि चष्मा लावून जिना उतरू लागले. वकिलांनी मात्र खोका माझ्याकडून काढून घेतला.

पत्र लांबलं. बाकी इकडे सगळं ठीक. प्रकृतीला जप.

तुझी,
खिडकीतली भाची

ता. क. वकिलांनी सगळी कार्डं तपासली. दोनशे अकरा कार्डांवर नाही, पण त्या एका कार्डाच्या कोपऱ्यात ‘मागे पाहा’ लिहिलेलं सापडलं. अक्षर माझं आहे. मी सांगितलं, आमच्या शाळेत तशी पद्धत होती. कोणती शाळा, असं त्यांनी विचारलं. तुझा पत्ता मी दिलेला नाही.

ता. क. २. समितीने ते ग्राहकाचं पत्र सोमवारी सादर करायला सांगितलंय. आत्या, ते पत्र तुझं आहे. गुडघा आखडला की गाडी स्वतःहून दार उघडून देते, अशी अदब माणसांतही उरली नाही, असं तू जांभळ्या शाईत कंपनीला कळवलं होतंस. मी अक्षर ओळखलं. कौतुक होतं म्हणून कौतुकाच्या फायलीत लावलं. कडीचं तेव्हाच लक्षात आलं होतं, पण वर जाऊन सांगायची भीती वाटली. नंतर एकेक माणूस पडू लागलं तेव्हा जास्तच वाटली. त्या शिक्षिकेला मी दोनदा भेटायला गेले आणि दोन्ही वेळा दारातून परत फिरले. तुला दरमहा पत्र लिहीत राहिले, पण यातलं एक अक्षर कळवलं नाही. सोमवारी पत्र घेऊन मीच समितीपुढे बसणार आहे. तिथे हे सांगायचं आहे, पण आधी तुला सांगायचं होतं.

ता. क. ३. गाडी चालवू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. दार दोरीने बांधून तर अजिबात नाही. शुक्रवारी ग्राहकांच्या यादीवरून कारखान्याची माणसं येऊन ती ओढून नेतील. त्यांच्यावर ओरडू नकोस, त्यांनी काही केलेलं नाही. ते सगळं माझ्यासाठी ठेव. मी रविवारी सकाळी येते आहे.