पुसायची कळ

पुणे, ९ जून १९८६

चि. सौ. मंगला हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. वाचून तुझी वहिनी सुलू स्वयंपाकघरात जाऊन बसली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दामूरावांचा उजवा हात गेला, हे हिवाळ्यातच आपण सगळ्यांनी मनाशी मान्य केलं होतं. पण ज्या कंपनीच्या अ‍ॅसिडने हात नेला, तीच त्यांना घरी बसवायला निघेल असं वाटलं नव्हतं. स्टोअरमध्ये कॉम्प्युटर येणार, ऑगस्टमध्ये परीक्षा घेऊन कंपनीतल्याच एका माणसाला त्यावर बसवणार, आणि दामूराव त्यात उतरले तरच त्यांची नोकरी राहणार, असं तू लिहितेस. मग उतरू या की!

सोबत माझा छोटा कॉम्प्युटर पाठवतो आहे. विलायतेहून परतलेल्या मित्राने दिलेला. रबरी बटणांची पाटी आहे, बघून हसाल. तुमच्या टीव्हीलाच जोडायचा. त्याची भाषा बेसिक. गंमत अशी की यात शब्द अक्षर-अक्षर टाइप करावा लागत नाही. 'पी' दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो, 'जी' दाबलं की 'गो टू'. मला तर तो एका हातासाठीच केल्यासारखा वाटला. आधी दहा नंबरची ओळ: प्रिंट आणि पुढे अवतरणात स्वतःचं नाव. मग वीस नंबरची: गो टू दहा. मग 'आर' दाबून चालवा, पडदाभर दामूराव दिसतील.

लहानपणी माझ्या रेडिओचे स्क्रू लपवायचीस, तसं याचं काही करू नकोस. तुझ्या सासूबाई साखरबाईंना नमस्कार. इकडचा लोभ या खोक्यात भरून पाठवला आहे, तुमचा पत्रातून येऊ दे.

तुझा,
बळवंतदादा


कुंभवली, २२ जून १९८६

ती. बळवंतदादास,
मंगलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

खोकं सुखरूप पोचलं. तीन-चार दिवस यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, माझ्या पोराला खेळणं कशाला धाडलं, तो काय लहान हाय? शेवटी मीच टीव्हीच्या मागे तार खोचली. पडदा पांढरा झाला, खाली एक अक्षर डोळे मिचकावायला लागलं, तेव्हा हे उठून जवळ आले. तू लिहिलेल्या दोन ओळी घातल्या आणि चालवल्या. नाव वरपासून खालपर्यंत भरलं. दादा, अपघातानंतर पहिल्यांदा यांच्या तोंडावर काहीतरी हललं.

पण पुढचं लिहायलाच हवं. चुकलेलं अक्षर पुसायचं तर डावीकडची खालची 'कॅप्स शिफ्ट' आणि उजवीकडचं वरचं शून्य अशा दोन कळा एकाच वेळी दाबाव्या लागतात. यांच्या डाव्या तळव्यावरही अ‍ॅसिड उडालं होतं, तिथली कातडी ओढली गेली आहे. पंजा उघडतच नाही पुरता. चूक असली की यंत्र ती ओळ घेत नाही, आणि यांना ती पुसता येत नाही. मग हे तार उपटतात. केलेलं सगळं जातं. पुन्हा पहिल्यापासून. परवा मी नुसतं बोट पुढे केलं, तर म्हणाले की एवढंसं पुसायलाही मला माणूस लागतं का. त्यानंतर मी स्वयंपाकघरातूनच ऐकते. तार उपटल्याचा आवाज मला आता ओळखता येतो.

जेवण कमी झालंय. रागावले तर बरं वाटेल, पण रागावतही नाहीत. सुलूवहिनीला नमस्कार. या घरावर लक्ष असू दे.

तुझी,
मंगला


पुणे, २८ जून १९८६

चि. सौ. मंगला हीस,
अ. उ. आ.

त्या दोन कळांचा विचार मी केलाच नाही, माझे दोन्ही हात शाबूत आहेत ना. एका कळेवर काही वजन ठेवून बघ. पण खरं सांगू, मला कळेची चिंता नाही. रागावतही नाहीत, असं तू लिहिलंस, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना एकटं बाहेर जाऊ देऊ नकोस. शेजारच्या चिंतूला सांगून ठेव. मला रजा मिळाली की निघतोच. काहीही झालं तरी तार कर, संकोच करू नकोस. आमचा जीव तिथेच आहे.

तुझा,
बळवंतदादा


कुंभवली, ११ जुलै १९८६

ती. बळवंतदादास,
शि. सा. नमस्कार.

तार करणार होते, पण आता गरज नाही. आधी हे सांगते, हे घरात आहेत, समोर बसून चहा पिताहेत.

मंगळवारी सकाळी दाढी करायला बोईसरला जातो म्हणून निघाले. तुझं पत्र आलेलं होतं, तरी मी थांबवू शकले नाही. काय सांगून थांबवणार? दुपार झाली तरी आले नाहीत. चिंतूला म्हटलं, चल. न्हाव्याकडे गेलेच नव्हते. चिंतूने स्कूटर दवाखान्याकडे वळवली, तर मी म्हटलं, नाही, स्टेशनला घे. का म्हटलं ते मलाही ठाऊक नाही.

फलाटाच्या पार टोकाला, जिथे छप्पर नाही, तिथल्या बाकावर बसले होते. बोईसरला न थांबणाऱ्या गाड्या तिथून जोरात जातात. चिंतूला लांबच ठेवून मी जाऊन शेजारी बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, एक गाडी गेली की वाटतं, पुढची बघू. मग तीही जाते.

दादा, रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. आणि तोंडातून निघालं काय, तर कॉम्प्युटर चालूच ठेवून आलेय, मघाशीच तापला होता. हे ताडकन उठले. म्हणाले, अगं, बंद करून यायचं नाही का, दादांची वस्तू आहे, जळेल ना! आणि माझ्यापुढे चालायला लागले. खरं तर तो बंदच होता.

घरी आल्यावर त्यांना कळलं. गार पाटीवर हात ठेवून उभे राहिले. मग मीच म्हटलं, मला शिकवा. तुमच्यासाठी नाही, मला शिकायचंय. मी पाटीपुढे बसले, हे सांगत गेले. माझ्या चुका तर काही विचारू नकोस. तिसऱ्या-चौथ्या चुकीला वैतागून म्हणाले, तू ती शिफ्ट धर, आणि स्वतःच्या बोटाने शून्य दाबलं. अक्षर गेलं. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत राहिलो.

आता रोज बसतो. तू सांगितलेलं वजन कळेवरून घसरतं, म्हणून एक कळ माझी, एक त्यांची. स्टोअरमधले ड्रम किती आले, किती गेले, किती उरले, असा प्रोग्रॅम चाललाय. तरी हे डोळ्यांआड झाले की माझा जीव थाऱ्यावर नसतो. परीक्षेत मला शेजारी कोण बसू देणार? तू ये. माया आहे तशीच असू दे, बाकी काही नको.

तुझी,
मंगला


कुंभवली, २४ ऑगस्ट १९८६

ती. बळवंतदादा यांस,
दामूचा सा. न. वि. वि.

डाव्या हाताचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. तुम्ही येऊन गेलात, त्या वेळी मी फारसं बोललो नाही. परीक्षेचं मात्र मीच लिहीन असं मंगलाला सांगितलं.

आम्ही पाचजण होतो. यंत्र वेगळंच निघालं. तिथे 'प्रिंट' अक्षर-अक्षर टाइप करायचं आणि पुसायला एकच वेगळी कळ. ती बघून मी बसूनच राहिलो. शेजारी कोणी नाही, याचीच भीती वाटली. बाकीच्यांची बटणं वाजायला लागली होती. साहेब मागे येऊन उभे राहिले. पहिली ओळ दोनदा चुकली. मग घरी मंगलाला सांगायचो तसं मनात बोलायला लागलो, आधी नंबर, मग काय विचारायचं, मग कुठे ठेवायचं. एकेक ओळ होत गेली. सगळ्यांत शेवटी माझं झालं. चालवलं तर उरलेले ड्रम उणे आले. साहेब खाकरले. वजाबाकी उलटी झाली होती. ती ओळ पुन्हा घातली आणि आकडा बरोबर आला.

साहेब मला म्हणाले, चुरी, प्रोग्रॅम चालतोय, पण हात फार हळू आहे. मी म्हटलं, साहेब, ड्रम कुठे पळून जातायत? बाकीचे हसले. साहेब हसले नाहीत, पण काल बोलावून सांगितलं की सोमवारपासून स्टोअरला या, सध्या तात्पुरतं. पुढचं पुढे. आईने ऐकलं आणि म्हणाली, आता दाढी घरीच कर. तिला त्या दिवसाचं कोणी सांगितलं ते माहीत नाही.

तुमचं यंत्र परत पाठवायला हवं. पण थोडे दिवस राहू द्याल का? मंगला स्वतःचा काहीतरी प्रोग्रॅम करते आहे. काय आहे ते सांगत नाही, चुकलं तरी मला विचारत नाही आणि पाटीला हात लावू देत नाही. मी शेजारी बसतो आणि गप्प राहायला शिकतो आहे. फार अवघड आहे हो!

सुलूवहिनींना नमस्कार. पुन्हा याल तेव्हा मी बोलेन.

आपला,
दामू