मऊ झालेली जमीन

ता. ९, शनिवार, दुपार

चि. भिंगरीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

जावईबापूंचा खोकला थांबला का? विहीणबाईंना जिना चढताना धाप लागत होती, ती कमी आहे ना? थोरलीचा चष्मा आला का? धाकट्याचे पुढचे दोन दात पडले होते, ते उगवले का? आणि तुझी पाठ? तू सगळ्यांचं सांगतेस आणि स्वतःचं तेवढं राहतं. अगदी बापावर गेलीस.

मी बरी आहे. गाय शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधली आहे, धारही तोच काढतो. आता तू म्हणशील, गाय शेजाऱ्याकडे कशाला? तर आम्ही दोघं आठ दिवस झाले शहरातल्या दवाखान्यात आहोत. तिसरा मजला, दारापासून दुसरी खाट. खिडकी वीतभर उघडते, तिच्यातून पाण्याची टाकी दिसते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू विचारतेस आणि माझ्या तोंडून चटकन ‘सगळं ठीक’ निघून जातं. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर इथून रोज तुमच्याकडे येतो, त्याच्या हाती हा कागद देते आहे.

तुझ्या बाबांचा उजवा पाय काढला. गुडघ्याखाली. मंगळवारी.

जरा थांब, घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

तुला ठाऊकच आहे, त्याला छप्पर कधी सोसलं नाही. दाढी बाहेर, जेवण बांधावर, झोप झाडाखाली. लग्न झालं त्या दिवशीसुद्धा खाट अंगणात ओढली, तुझी आई बिचारी दारातून बघत राहिली. आणि पायात वहाण नाही. शेजाऱ्यानं बूट घेतले तर त्याला म्हणाला, “हातमोजे घालून जेवतोस का रे?” पेरायचं कधी, हे तो तळपायानं ठरवायचा. पहाटे नांगराच्या तासात उभा राहायचा. ओल पायाच्या खळग्यापर्यंत जाणवली की पेरणी. आजूबाजूचे लोक त्यालाच विचारून पेरायचे, आणि त्याचा पाय कधी चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा घरी आला तो हसतच. “आक्का, जमीन बघ कशी झालीय! गादीवर चालल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं खत घातलं, त्याचं फळ मिळालं गं.” पोरासारखा नाचला. मीही देवापुढे हात जोडले. त्या वर्षी निम्मं उगवलं नाही. बियाणंवाल्याशी भांडला, “भाजून विकलंस काय?” तो म्हणाला, “काका, बियाणं चांगलं होतं, ओलच नव्हती.” हा हसला, “माझ्या पायाला सांगतोस?” पुढल्या वर्षीही तेच झालं.

जमीन मऊ झालीच नव्हती, भिंगरे. पाय मेले होते. रक्तात साखर होती, ती इथे आल्यावर कळली. आम्ही दोघं मात्र दोन वर्षं आनंदात होतो.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

गेल्या महिन्यात तो जेवायला आला, तेव्हा पायरीवर रक्ताचे ठिपके दिसले, एका पावलाआड एक. मी म्हटलं, “पाय वर कर.” टाचेत खिळा, पार डोक्यापर्यंत रुतलेला. “कधी घुसला रे?” तर म्हणतो, “कुठे काय?” मग वाकून स्वतःच बघितलं. मी पक्कड आणली, खिळा उपटला. तो हूं की चूं नाही. मग माझा हात धरला. “आक्का, पोरीला कळवू नकोस. ती आधी बूट घालेल, मग घरात बसवेल, मग तिकडे नेईल. मी चार भिंतींत मरेन.”

मी कळवलं नाही. सव्वीस दिवस मी जखम धुतली, दुकानातलं मलम लावलं, फडकं बांधलं. तू फोनवर विचारायचीस, “बाबा कुठे?” मी सांगायची, “रानात.” ते खरंच होतं. वास यायला लागला तेव्हा मी मनाला सांगितलं, गोठ्याचा आहे.

इथे डॉक्टरांनी विचारलं, “जखम किती दिवसांची?” मी म्हटलं, चार. त्यांनी चार दिवसांच्या जखमेचं औषध दिलं आणि दोन दिवस वाट पाहिली. कापल्यावर बाहेर येऊन म्हणाले, “आजी, हे चार दिवसांचं नाही.” मी टाकीकडे बघत बसले. फॉर्मवर सही माझीच आहे. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले, ती अशी कामाला आली.

विष वर चढलं आहे. डॉक्टर म्हणतात, मांडीतून काढू, पण वाचेलच असं सांगता येत नाही. नाहीतर घरी न्या, तीनचार दिवस मिळतील. सोमवारी सकाळपर्यंत सांगायचं आहे, आणि आता सही मुलीचीच हवी म्हणतात. मी त्याला विचारलं, “अंगणात खाट टाकू?” मला वाटलं, डोळे तरी हलतील. म्हणाला, “खिडकी लाव आक्का. उजेड नको.” तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहे.

मला यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि मी ठरवूही नये. म्हणून तू ठरवण्याआधी हे सगळं तुला सांगायला हवं होतं.

ड्रायव्हर तुझ्या दारात थांबेल. येता आलं तर त्याच्याच गाडीत बस. नाही जमलं तर काय करायचं ते सहीनिशी लिहून पाठव, आणि शिवाय दोन वेगळे कागद लिही, बाई. एक त्याच्यासाठी, मी वाचून दाखवीन. त्यात पोरांचं लिही, माझं काही नको. दुसरा माझ्यासाठी. त्यात मनात येईल ते लिही, हात आखडू नकोस. पण लवकर लिही.

तुझी,
आत्या