दाराला आडवा झाडू

९ जुलै २०११

पुन्हा तेच! चित्रपट मंडळाची यिल्वा आली, वेलदोड्याचे चार पाव खाल्ले आणि विचारलं काय — "सिनेमाच्या शेवटी ती बाई दाराला झाडू आडवा लावते, त्याचा अर्थ काय?"

पन्नास वर्षं हेच ऐकतेय. झाडू आडवा म्हणजे घरात कोणी नाही, ठोठावू नका. आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. "पण मग ती मागच्या दाराने आत जाऊन का बसते?" मला काय ठाऊक? सिनेमा याच घरात काढला, पण मी लग्न होऊन इथे आले ती त्यानंतर दोन वर्षांनी.

वैतागून म्हटलं, सिनेमावरच्या शनिवारच्या कार्यक्रमात माझा नवरा बोलेल. व्हेर्नर तेव्हा वीस वर्षांचा, इथेच होता. शब्द देऊन बसले.

१० जुलै

व्हेर्नर नाही म्हणाला. नवरा आहे की दगड!

१२ जुलै

कार्यक्रमासाठी स्टॉकहोमचे प्राध्यापक आलेत. झाडू म्हणजे क्रूस, म्हणे, आणि ते घर म्हणजे देवाचं मौन. शेजारची गुन्नेल फिसकन हसली — "कसला देव? नवऱ्याला टाळत होती ती."

व्हेर्नर मासे साफ करत होता. म्हटलं, "पाच मिनिटं बोल, माझी लाज राख."

"शब्द तू दिलास, तूच बोल." सुरी टाकून निघून गेला. डोकंच फिरलं माझं.

१३ जुलै

अबोला. बटाटे त्याच्यापुढे आपटले. मुकाट खाल्ले.

१५ जुलै

आज चिडून बोलून गेले, "तुझी आई असती तर कौतुकाने बोलली असती."

तो खाली बसला. म्हणाला, "बाबा बुडाले तेव्हा मी आठ वर्षांचा. पाद्री बातमी घेऊन चढण चढताना आईला दिसला. तिने झाडू लावला, मागून आत आली, माझ्या तोंडावर हात ठेवला. झाडू बघून तो परत गेला. तीन दिवस येत होता, तीन दिवस परत जात होता. तेवढे तीन दिवस बाबा मेले नव्हते."

उद्याचं भाषण रद्द म्हणून यिल्वाला कळवलं.

१६ जुलै

दिग्दर्शकाला हे व्हेर्नरनेच सांगितलं होतं, कॉफी पिताना, फुशारकीने. आईने ते पडद्यावर पाहिलं. सासूबाई बारा वर्षं माझ्याबरोबर राहिल्या. त्याच्याशी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मला वाटायचं, स्वभावच तो.